खोडकिड्याचं पंचांग

रानशेत. नावातच रान आणि शेत शेजारी-शेजारी बसलेत. डहाणू तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात मार्गशीर्षात उतरलात तर रान हिरवं दिसेल आणि शेत रिकामं. भात कापून नेलेलं, झोडणी उरकलेली, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या. खाचरात उरतात ती फक्त धसकटं, वीतभर उंचीची, रांगेत नसलेल्या रांगांमध्ये उभी. गुरं त्यांतून मोकळी फिरतात, पोरं क्रिकेट खेळतात. शेतकऱ्याच्या लेखी वर्ष संपलेलं असतं.

त्या धसकटांत मात्र कुणीतरी राहतंय.

एक धसकट मुळासकट उपटा, नखाने उभं चिरा. कोरडं, पोकळ निघालं तर दुसरं चिरा. दहा-वीस चिरलीत की एखाद्यात, अगदी खाली, मुळाच्या तोंडाशी पिवळसर पांढरी अळी निघते. पाऊण इंच लांबीची, तपकिरी डोक्याची, मेल्यासारखी निपचित. ती मेलेली नाही. भाताचा पिवळा खोडकिडा तो. कापणीच्या सुमारास तो खोडातून खाली खाली सरकत आला आणि जमिनीच्या पातळीशी, जिथे विळा पोचत नाही, तिथे झोपला. आता पावसापर्यंत उठायचा नाही. खाणं नाही, हालचाल नाही, वाढ नाही. सहा-सात महिन्यांचा उपास तो त्या काडीच्या तळात काढतो.

कीड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आक्रमण येतं. कुठून तरी बाहेरून आली, शेतावर पडली, पीक खाऊन गेली. टोळधाडीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण भाताचा खोडकिडा बाहेरून येत नाही. तो याच खाचरात, याच धसकटात राहतो. आणखी एक गोष्ट त्याच्याबद्दल ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढचं सगळं त्यातूनच उलगडत जातं: हा किडा जवळजवळ फक्त भातावर जगतो. बांधावरचं गवत, शेजारचा वाल, वरकसावरची नागली-वरई त्याच्या कामाची नाही. त्याला भात लागतं, तेही हिरवं, तेही विशिष्ट वयाचं.

म्हणजे त्याचं सगळं आयुष्य आपल्या कामांच्या तारखांना बांधलेलं आहे. आपण पेरलं तर त्याला घर, आपण कापलं तर त्याची झोप, आपण नांगरलं तर त्याचं मरण, आपण नांगरलं नाही तर त्याची पुढची पिढी. त्याचं पंचांग आपणच छापतो आणि मग तो वेळेवर येतो म्हणून त्याला शिव्या घालतो. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, पण ते एका वाक्यात पटत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून बघू.

सुरुवात राबापासून, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या जागेपासून. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर अंथरून, वर माती पसरून राब भाजायचा ही उत्तर कोकणातली जुनी रीत. तणांचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, रोपं पावसाबरोबर जोमाने उठतात. राब भाजल्याने कीड मरते असंही पुष्कळांच्या तोंडी असतं. थोडीबहुत मरत असेल, राबाच्या जागेतली. पण खोडकिडा राबात नसतो, तो खाचरातल्या धसकटात असतो. राबाची जागा बहुतेक वेगळी, उंचवट्यावरची. आग एका आळीत लावायची आणि चोर दुसऱ्या आळीत निवांत झोपलेला, तशातली गत.

मग मृग येतो. खाचरात पाणी साचतं, धसकटं भिजतात, आणि तळाशी झोपलेल्या अळीला जाग येते. ती कोषात जाते. त्याआधी तिने एक शहाणपणाचं काम केलेलं असतं: कोषातून निघालेल्या पतंगाला खोड कुरतडता येत नाही, म्हणून ती अळी असतानाच बाहेर पडायचं भोक तयार करून ठेवते. आठवडा-दहा दिवसांत पतंग बाहेर येतो. मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. हिला आता अंडी घालायला भात पाहिजे. जूनच्या अखेरीला शिवारात भात कुठे असतं? खाचरं तर अजून उखळणीच्या, चिखलणीच्या वाटेवर. हिरवं भात असतं ते एकाच ठिकाणी, राबात.

म्हणून पहिल्या पिढीची अंडी रोपांच्या शेंड्यांवर पडतात. पानाच्या टोकाशी पन्नास-पाऊणशे अंड्यांचा एक पुंजका, वर मादीच्या अंगावरच्या पिवळट केसांचं पांघरूण. ओळखायला अजिबात अवघड नाही. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे शिवारभर पसरणार असलेला किडा या दिवसांत दहा गुंठ्यांत गोळा झालेला असतो. असा मोका वर्षात पुन्हा येत नाही. आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, आधी रोपांच्या मुठी बांधताना शेंडे खुडून टाकायचे, खुडलेलं लांब नेऊन नष्ट करायचं, असा सल्ला जुन्या पुस्तकांतही आहे आणि आजच्या पत्रकांतही. त्यात एक पाचर आहे. शिवारात कडा करप्याचा, म्हणजे जिवाणूजन्य करप्याचा, इतिहास असेल तर शेंडे खुडू नयेत. ताज्या जखमेतून तो रोग आत शिरतो. तिथे पुंजके असलेली पानं तेवढी वेचून काढावीत. काम किचकट आहे, पण दहा गुंठ्यांचंच आहे.

पाऊस लांबला की गणित बिघडतं. रोपं राबातच थांबतात, पंचवीस दिवसांची पस्तीस होतात. शेतकरी आभाळाकडे बघत बसतो, आणि तेवढे दिवस पतंगांची मंगल कार्यालयं राबातच भरतात. वय झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते रोप सोबत अंडीही घेऊन जातं, हे कमी जणांना ठाऊक असतं.

आवणी झाली. अंडी आठवड्याभरात फुटतात. बारीक अळ्या पानाच्या टोकाला रेशमाच्या धाग्याने लोंबकळतात, वाऱ्याने शेजारच्या चुडावर जातात आणि देठातून आत शिरतात. पिवळ्या खोडकिड्याची गंमत अशी की सहसा एका फुटव्यात एकच अळी टिकते. ती आत पोखरते, मधलं पान सुकतं. त्याला गाभा मर म्हणतात. तो सुकलेला गाभा दोन बोटांत धरून ओढला की अलगद निघून हातात येतो. लोणी काढावं तसा.

एवढ्यावर घाबरायचं कारण नसतं. भात हे बेरकी पीक आहे. फुटवे येण्याच्या काळात एक गाभा मेला तर बुंध्यातून दुसरा फुटवा येतो, नुकसान बरंचसं भरून निघतं. म्हणून तर शेकडा पाच गाभे सुकलेले दिसले, किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसला, तरच फवारणीचा विचार करा, असं कृषी विद्यापीठं सांगतात. पण हीच अळी, तिची पुढची पिढी, पोटरीच्या वेळी आत शिरली तर भाताला भरपाईला वेळच उरत नाही. लोंबी बाहेर येते ती पांढरीफटक, ताठ, एकही दाणा न भरलेली. कोकणात तिला पळिंज म्हणतात. सबंध खाचर वाकलेलं असताना ही एकटी मान वर करून उभी असते. लांबून ऐटबाज दिसते. भरलेली लोंबी वाकते, ही वाकत नाही.

किडा तोच, भूकही तेवढीच. ऑगस्टमध्ये तो किरकोळ, सप्टेंबरच्या अखेरीला तो पीक नेणारा. फरक केवळ तारखेचा. मग पिढ्यांचं गणित बघा. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण सहा-सात आठवडे. आपल्याकडे हळवं भात शंभर-एकशे दहा दिवसांत कापायला येतं, निमगरवं एकशे वीस-तीस दिवसांत, गरवं त्याच्याही पुढे. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवं आणि खालच्या पाणथळीत गरवं, ही वाटणी जमिनीने आणि पाण्याने ठरवलेली आहे. त्यात शहाणपण आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण किडीच्या नजरेने पाहिलं तर हा जिना आहे. वरच्या हळव्यात एक पिढी वाढली, ते भात पिकायला लागलं, की पतंग खालच्या गरव्यात उतरतात. तिथे भात अजून हिरवं, पोटरीत. हळव्यावाल्याचं थोडक्यात भागतं आणि त्याच्या शेतातल्या किडीची किंमत गरव्यावाला मोजतो. दोघे बहुधा चुलत भाऊ असतात.

त्यावर उपाय म्हणजे एका पट्ट्यातली आवणी जवळजवळ एकाच वेळी उरकणं. पंधरवड्याच्या आत सगळा पट्टा लावून झाला की कोणत्याही एका पिढीला मागचं-पुढचं भात मिळत नाही. पूर्वी मजुरी न देता एकमेकांच्या शेतावर आवणीला जाण्याची रीत गावोगाव होती. ती किडीसाठी नव्हती, हात कमी म्हणून होती. पण एक शिवार एकदम लागायचं, आणि त्याचा फायदा न मागता मिळायचा.

आता मूळ मुद्दा, धसकटाचा. कापणी जमिनीलगत करा, कापणीनंतर लगेच नांगरट करा, धसकटं गोळा करून नष्ट करा. हे तीन सल्ले कोकणातल्या प्रत्येक भात-पत्रकात असतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, त्याचं भातावर काम करणारं केंद्र कर्जतला आहे, आणि रानशेतच्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. सल्ला कुठून यायचा राहिला असं नाही.

सल्ला बरोबरही आहे. विळा जमिनीलगत चालला तर खोडातल्या बऱ्याच अळ्या पेंढ्याबरोबर खळ्यावर जातात, उन्हात आणि मळणीत मरतात. वीतभर उंच कापलं तर त्या धसकटात आरामात खाली उतरतात. मग नांगर. नांगराचा फाळ अळीला कापतो म्हणून ती मरते अशी समजूत असते. फाळाने थोड्याच कापल्या जातात. खरं काम होतं ते धसकट उलटं पडल्याने. मुळं आभाळाकडे जातात, तळाची ओल उडते, काडी कोरडी ठणठणीत होते. बगळे, साळुंक्या, कोतवाल नांगरामागून चालतात ते उगाच नाही. शिवाय धसकटाला पुन्हा फुटवा येत नाही, आणि उशिरा निघालेल्या चुकार पतंगाला अंडी घालायला हिरवं पान उरत नाही. नांगर किड्याला मारत नाही, त्याचं घर मोडतो. मारायचं काम ऊन आणि पाखरं करतात.

मग रानशेतच्या खाचरात मार्गशीर्षात धसकटं उभी का?

कारण नांगरणारा माणूस तिथे नाही. दिवाळीनंतर, भात घरात आलं न आलं तोच, या भागातली कित्येक आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, किनाऱ्यावरच्या बोटींवर कामाला जातात. उचल आधीच घेतलेली असते. परत येणं होळीला, कधी त्याहून उशिरा. घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्या. कापणीनंतर मातीत ओल असते ती थोडे दिवस. तेवढ्यात नांगर चालला तर चालला. नंतर जमीन दगड होते, लाकडी नांगराला आणि उन्हाळ्याच्या बैलांना दाद देत नाही. ट्रॅक्टर परवडत नाही, आणि परवडला तरी अरुंद बांधांच्या खाचरात वळत नाही. त्यात दुबार पीक नसेल तर नांगरून लगेच हाती काय येतं? गुरांचं चरणं तेवढं जातं. नोव्हेंबरच्या नांगरटीचा फायदा पुढच्या सप्टेंबरात मिळणार, तोही आपल्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त. पत्रक लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं असं नाही. पण पत्रकात त्याला जागा नसते.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. जपानमध्ये क्यूशू बेटावरच्या चिकुगो भागात एकोणिसाव्या शतकात हाच पिवळा खोडकिडा माजला होता. मासुदा सोहेई नावाच्या माणसाने धसकटं चिरून पाहिली आणि अळी तिथे हिवाळा काढते हे ओळखलं. मग सरकारी हुकूम निघाला, धसकटं खणून काढा. 1880 मध्ये शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. मासुदांचं निदान अचूक होतं, पण हिवाळ्यात ओल्या शेतातलं एकेक धसकट खणायचं कुणी आणि कोणाच्या पैशाने, हे हुकुमात नव्हतं. पुढे तिकडे लावणीच उशिरा करून पहिल्या पिढीच्या पतंगांना उपाशी ठेवण्याचा मार्ग निघाला. पतंग आले तेव्हा भातच नाही. आपल्याकडे तो मार्ग तसाच उचलता येत नाही. पावसाच्या भरवशावरचं गरवं भात उशिरा लावलं तर ऐन दाणा भरताना ऑक्टोबरचं ऊन त्याला गाठतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, नांगर हा उपाय आणि न नांगरणं हा गुन्हा. तसंही नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी म्हणजे सगुणा राईस तंत्र उभं केलं, ते नेमकं उलटं आहे. गादीवाफे एकदा करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. वाफ्यावर टोकण करायची, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, फुटवे आणि तण तणनाशकाने मारायचे. माती वाहून जात नाही, गांडुळं वाढतात, आवणीचा कमरेचा काटा ढिला करणारा खर्च वाचतो. खोडकिड्याच्या दृष्टीने यात दोन्ही बाजू आहेत. धसकट जागेवर राहतं, म्हणजे घर शाबूत. पण फुटवा मरतो, म्हणजे जेवण बंद. टोकण असल्याने दहा गुंठ्यांत पतंग गोळा होणारा राब नाही. आणि न हलवलेल्या जमिनीत कोळी, मुंग्या, शिकारी भुंगे यांची वस्तीही टिकते. धसकट बुडाशी कापणं इथे नांगरटीपेक्षा महत्त्वाचं ठरतं. तणनाशकाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तो वेगळा वाद आहे.

कॅनडात मोहरीच्या कुळातलं कॅनोला हे तेलबियांचं पीक लाखो एकरांवर असतं. तिथे अल्बर्टा प्रांतात नांगरणीचा हाच प्रश्न तपासला गेला. न नांगरलेल्या, काडीकचऱ्याने झाकलेल्या शेतात कोवळी रोपं कुरतडणाऱ्या उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांचा त्रास कमी आढळला, कारण त्यांना उघडी, तापलेली माती आवडते. पण मुळं पोखरणाऱ्या माशीचे कोष मातीत हिवाळा काढतात, आणि शेत नांगरलं की त्यांतून निघणाऱ्या माशा घटतात. एकच नांगर, एकाच शेतात, एका किडीला बरा आणि दुसरीला वाईट. म्हणून नांगरावं की नांगरू नये हा प्रश्नच अर्धा आहे. कोणती कीड, ती वर्षाचा पडता काळ कुठे काढते, आणि आपलं काम तिच्या कोणत्या वेळी पडतं, हे विचारल्यावर तो पुरा होतो.

भाताच्याच इतर किडी घ्या. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी, दमट सावलीत वाढतात. दाट लावणी आणि युरियाचा सढळ हात हे त्यांना आमंत्रण. आवणीत दर दोन-तीन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडला तर हवा खेळते, फवारायलाही आत शिरता येतं. सुरळीतली अळी पानाची नळी करून पाण्यावर तरंगते. पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि पाणी सोडून द्यायचं, कीड पाण्याबरोबर जाते. निळ्या भुंगेऱ्यांचा आसरा बांधावरच्या गवतात. लष्करी अळी दिवसा ढेकळांखाली, चुडांच्या बुडात लपते आणि पिकल्या लोंब्या रात्री कुरतडून खाली पाडते. तिच्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पिकलेलं भात आजचं उद्यावर न टाकता कापणं. मुठ्यांची, म्हणजे बांध पोखरणाऱ्या खेकड्यांची, गोष्ट सांगायला नको. पहिल्या पावसात बॅटरी घेऊन निघालेली पोरं ते काम आनंदाने करतात आणि रात्री कालवण होतं. एवढा चविष्ट कीडनियंत्रणाचा कार्यक्रम दुसरा नाही.

या सगळ्यात एक नवी भर पडली आहे. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी तालुक्यात जिथे पोचतं तिथे उन्हाळी भात घेता येतं. जानेवारीत लावणी, एप्रिल-मेमध्ये कापणी. शेतकऱ्याला दुसरं पीक मिळतं, वीटभट्टी टळते. त्याच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण खोडकिड्याचा सहा महिन्यांचा सक्तीचा उपास हीच कोकणातल्या भाताची मोठी ढाल होती. उन्हाळी भाताने ती मधोमध फोडली. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवं भात असेल तर किडा झोपेल कशाला? मेमध्ये उन्हाळी भात कापलं आणि जूनमध्ये शेजारीच राब टाकला, तर मधली भिंत दोन-तीन आठवड्यांची उरते. त्या भिंतीवरच आता सगळं आहे. कालव्याखालच्या पट्ट्यात उन्हाळी भाताची धसकटं मेमध्ये नांगरली गेलीच पाहिजेत. तेव्हा माणसं घरी असतात, आणि मेच्या उन्हाइतकं चांगलं कीटकनाशक कोणत्याही दुकानात नाही. एकाने भात आणि बाकीच्यांनी वाल, हरभरा, मिरची घेण्यापेक्षा सगळा पट्टा आलटून-पालटून एकाच पिकाखाली असणं बरं. वालात खोडकिड्याला काही मिळत नाही.

पावसाळी खाचरांसाठी मात्र नांगर नोव्हेंबरातच लागतो, आणि तो एकट्याच्या खाचरात चालवून उपयोग थोडा, कारण पतंग बांध ओळखत नाहीत. पट्ट्यातली वीस-पंचवीस खाचरं भट्टीचा ट्रक येण्याआधी एकदम नांगरायची असतील तर ते एकेकट्या शेतकऱ्यावर सोडून होणार नाही. ग्रामपंचायतीने लहान पॉवर टिलर ठेवावा, त्या पंधरवड्याची मजुरी रोजगार हमीतून निघते का ते पाहावं. पाणंद रस्त्याला पैसे मिळतात, मग धसकटाला का नकोत?

आणि रानशेतच्या वाटेने जाणाऱ्याला एक विनंती. या हिवाळ्यात कुठल्याही एका खाचरातली वीस धसकटं मालकाला विचारून उपटा, चिरा, अळ्या मोजा. मग बांध ओलांडून पलीकडच्या, नांगरलेल्या खाचरातलीही वीस मोजा. दोन्ही आकडे शेतकऱ्याच्या हातात द्या.